गाडी वडिलांची, चालवणारा मुलगा. विमा नेमका कोणाचा?

महोदय,

बारावीचे निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या आणि भाड्याची खोली शोधण्याची धावपळ आटोपली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून मुलांबरोबर गाड्याही बाहेर पडू लागतात. कोणाची मोटारसायकल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत आडवी होऊन पुण्याला जाते, कोणाची वर्धा किंवा बडनेरा स्टेशनवरून पार्सलने रवाना होते, कोणी नागपूर-अमरावतीपर्यंत स्वतःच चालवत नेतो, आणि ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत ते अलीकडे मुलीला जुनी का होईना, छोटी कार घेऊन देऊ लागले आहेत. गाडी पाठवताना टाकीतले पेट्रोल काढून घेतात, हँडलला आणि इंडिकेटरला पोती गुंडाळून सुतळीने आवळतात, आणि आरसी व विम्याच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवतात. त्या विम्याच्या झेरॉक्सवर नाव कोणाचे आहे आणि त्या नावाचा अर्थ काय होतो, एवढ्याच एका गोष्टीविषयी हे पत्र आहे.

मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. खेड्यात निवृत्त शिक्षकाकडे बँकेचे, पीकविम्याचे, कोर्टाचे असे सगळे कागद वाचून घेण्यासाठी येतात, तसे गाडीच्या विम्याचेही येतात. त्यांतून एक गैरसमज सर्वत्र दिसतो. "गाडीचा विमा चालू आहे" याचा अर्थ "पोराचा विमा चालू आहे" असा घरोघरी धरला जातो. गाडी वडिलांच्या, आजोबांच्या किंवा काकांच्या नावावर असेल, आणि शंभरात बहुतेक गाड्या तशाच असतात, तर हा अर्थ चुकीचा ठरतो.

गाडीच्या विम्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एका कागदावर छापलेल्या असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई ही पहिली. तिला आपण थर्ड पार्टी म्हणतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे ती सक्तीची आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी ही दुसरी. ही जोडली की त्याला लोक "फर्स्ट पार्टी" किंवा "फुल विमा" म्हणतात, आणि ती ऐच्छिक आहे. तिसरी गोष्ट म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने याची रक्कम वाढवून १५ लाख रुपये केली. त्याआधी ती दुचाकीला १ लाख आणि कारला २ लाख एवढीच होती. अपघातात मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर ही रक्कम मिळते. सगळा घोळ या तिसऱ्या गोष्टीत आहे.

ही रक्कम मिळण्यासाठी गाडी चालवणारा हाच आरसीवरचा नोंदणीकृत मालक असावा लागतो, पॉलिसीवर विमाधारक म्हणून त्याचेच नाव असावे लागते आणि त्याच्याजवळ चालू लायसन्स असावे लागते. मुलगा वडिलांची गाडी चालवत असेल तर पहिल्या दोन अटींतच तो बाहेर पडतो. वडिलांनी प्रीमियम भरलेला असतो, पावती असते, गाडीही तीच असते. पण त्या १५ लाखांशी मुलाचा संबंध नसतो.

शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. कोरडवाहू शेती, मुलगा नागपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, मोटारसायकल वडिलांच्या नावावर. पोळ्याच्या सुट्टीत रात्री घरी येताना गावाच्या फाट्याअलीकडे रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि मुलगा जागच्या जागी गेला. विमा चालू होता, मुलाचे लायसन्स चालू होते, डोक्यावर हेल्मेटही होते. काही महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र आले की मृत व्यक्ती ही विमाधारक मालक-चालक नसल्याने दावा देय होत नाही. ते पत्र आणि पॉलिसी घेऊन वडील माझ्याकडे आले, तेव्हा पॉलिसीवरच्या प्रीमियमच्या तक्त्यात मालक-चालकाच्या अपघात विम्याच्या ओळीखाली त्यांनी बॉलपेनने दोन रेघा मारलेल्या होत्या. "गुरुजी, हे पैसे त आमीच भरले ना?" एवढेच त्यांनी विचारले.

त्यांनीच भरले होते. आणखी खोलात गेल्यावर कळले की त्या वडिलांजवळ लायसन्सच नव्हते, कारण त्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती; गाडी कर्जावर घेतली आणि सातबारा त्यांचा होता, म्हणून कागद त्यांच्या नावाने झाले. म्हणजे मालक चालवू शकत नाही आणि चालवणारा मालक नाही, अशा गाडीवर मालक-चालकाचा विमा वर्षानुवर्षे विकला गेला, आणि त्यातून कोणालाही, कधीही, एक पैसा मिळण्याची शक्यता नव्हती. दावा नाकारताना कंपनीने पॉलिसीच्या शब्दावर बोट ठेवले, त्याला उत्तर देणे कठीण आहे. परंतु ज्या मालकाजवळ लायसन्स नाही त्याच्याकडून या भागाचा प्रीमियम घेऊच नये, असे खुद्द मोटार विम्याचे नियम सांगतात. दावा आला तेव्हा शब्दन् शब्द वाचणाऱ्यांनी पैसे घेताना तो वाचला असता, तर त्याच दिवशी त्या बापाला कळले असते की पोरासाठी काहीतरी वेगळे घ्यावे लागेल.

न्यायालयात जाऊन काही मिळते का, असे विचारणारे पुष्कळ असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेल्या एका निकालातली हकीगत कर्नाटकातली असली तरी आपल्याकडची वाटावी अशी आहे. मालकाकडून मागून घेतलेल्या मोटारसायकलवर एक जण गावी निघाला होता. लोखंडी पत्रे घेऊन पुढे चाललेली बैलगाडी एकाएकी थांबली आणि तो तिच्यावर आदळून मरण पावला. दुसऱ्याची गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे चूक कोणाची हे न पाहता मिळणारी भरपाई तो त्याच गाडीच्या विम्यातून मागू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात हीच भूमिका कायम राहिली. मात्र त्या वेळी न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले आणि मृत चालक मालकाच्या जागी आहे ना, मग पॉलिसीतली मालक-चालकाची १ लाखाची रक्कम तरी त्याच्या वारसांना द्या, असा आदेश दिला. हा निकाल वकिलाला दाखवण्यासारखा जरूर आहे. पण १ लाखासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागणे, ही काही गावातल्या माणसाने भरवसा ठेवावा अशी वाट नव्हे. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागण्याचा मार्ग मुलाच्या घरच्यांना वेगळा उपलब्ध असतोच. रोही, रानडुक्कर, रस्त्यातला खड्डा किंवा वळणावर घसरलेली गाडी असेल तेव्हा समोर कोणीच नसते, आणि आमच्याकडचे रात्रीचे अपघात बहुधा असेच असतात.

उपाय आहेत, आणि ते महागही नाहीत. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, पक्के लायसन्स हाती आले, की गाडी सरळ तिच्या किंवा त्याच्या नावावर करावी. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरून आरटीओकडे नाव चढवावे लागते आणि मग विम्याच्या कंपनीला कळवून पॉलिसीतही नाव बदलून घ्यावे लागते. हे दुसरे काम लोक विसरतात. कायद्याने त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांची मुदत दिली आहे. थर्ड पार्टीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप जात नाही, त्यामुळे आरसी मुलीच्या आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर अशी मधलीच अवस्था सर्वांत वाईट. गाडीवर कर्ज चालू असेल तर फायनान्स कंपनीच्या ना-हरकतीशिवाय नाव बदलत नाही. अशा वेळी मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ती गाडीला बांधलेली नसते. मुलगा मित्राच्या गाडीवर असो, एसटीत असो की वसतिगृहाच्या जिन्यावरून पडो, ती लागू राहते. कारच्या पॉलिसीत थोडा जादा प्रीमियम भरून आतल्या प्रवाशांसाठीही अपघाताचे संरक्षण जोडता येते. मुलगी मैत्रिणींना घेऊन गावी येत असेल तर ते पैसे वाया गेले असे समजू नये.

ज्यांना तेवढेही जमत नाही, त्यांनी निदान बँकेत जाऊन मुलाच्या खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करावी. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. १ जून ते ३१ मे असे तिचे वर्ष असते आणि पैसे खात्यातून आपोआप वळते होतात, फक्त त्या सुमारास खात्यात शिल्लक हवी. विद्यार्थ्यांची खाती नेमकी मे महिन्याच्या अखेरीस रिकामी असतात, हा माझा अनुभव. याखेरीज राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर कुटुंबातील एका सदस्याचाही समावेश असतो आणि मृत्यू झाल्यास २ लाखांची मदत मिळते. वर सांगितलेल्या कुटुंबाला कृषी सहायकाने याच योजनेचा अर्ज भरून दिला. इथेही वाहन चालवताना अपघात झाला असेल तर लायसन्सची प्रत मागतात, हे लक्षात ठेवावे.

आता थर्ड पार्टीकडे वळतो, कारण मुलाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर जो पैशाचा भार पडतो तो शहरातल्या मुलावर नव्हे, गावातल्या बापावर पडतो. नोंदणीकृत मालक म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर वडिलांचे नाव येते. विमा नसेल तर भरपाई त्यांनीच द्यायची. विमा असेल पण मुलाजवळ योग्य लायसन्स नसेल, तर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. आणि निवाड्याची रक्कम थकली तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

"योग्य लायसन्स" म्हणजे कोणते, यावर मुलांचा फार गोंधळ असतो. आपल्याकडच्या मोटार विम्यात चालवणाऱ्याचे नाव पॉलिसीत लिहावे लागत नाही. ज्याच्याजवळ त्या प्रकारच्या वाहनाचे चालू लायसन्स आहे अशा कोणीही गाडी चालवली तरी चालते, त्यामुळे मुलगा बाहेरगावी राहतो म्हणून वेगळी परवानगी काढण्याची गरज नाही. परंतु विनागियर गाडीचे लायसन्स काढून गियरची मोटारसायकल चालवणारी मुले मी कितीतरी पाहिली आहेत. मोटारसायकलच्या लायसन्सवर कार चालवणारेही असतात. शिकाऊ लायसन्सवर मागे मैत्रिणीला बसवून कॉलेजला जाणे हेही नियमात बसत नाही. आणि हे लायसन्स काढायला गावीच यावे लागते असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओ कार्यालयात अर्ज करता येतो, त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्याने ते पुण्यातच काढावे.

यापेक्षा गंभीर प्रश्न अठरा वर्षांखालच्या मुलांचा आहे. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी अकोला, अमरावती किंवा नागपूरला खोली करून राहणारी आमच्याकडची मुले सोळा-सतरा वर्षांची असतात आणि पालक त्यांना "क्लास लांब आहे" म्हणून गाडी देतात. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे, आणि तशी पेट्रोलची गाडी आज शोरूममध्ये शोधून सापडणार नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचविशी होईपर्यंत लायसन्स नाही. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला डॉक्टर होईपर्यंत गाडी चालवता येणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब आहे. त्या वयात सायकल, सिटी बस किंवा ऑटो एवढेच पर्याय आहेत, आणि हे मी कोणाला आवडो न आवडो, गावात सांगत असतो.

पाच वर्षांच्या विम्याविषयीही लिहिणे भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. शोरूमवाला सांगतो, "पाच वर्षे बघायचं काम नाही." ते अर्धेच खरे असते. त्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष उलटले की ती पॉलिसी नुसती थर्ड पार्टी उरते, आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. मग खोलीसमोरून गाडी चोरीला गेली, पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरले, रोह्याच्या धडकेत पुढचा भाग चेपला किंवा ट्रॅव्हल्समधून उतरवताना चाक वाकले, तर हाती काही येत नाही. हाच भाग चालू असता तर रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेले नुकसानही त्यात बसले असते.

त्याहून मोठे नुकसान मागे बसणाऱ्याचे होते. कॉलेजच्या मुलांच्या दुचाकीवर मागची सीट कधी रिकामी नसते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला मित्र हा "तिऱ्हाईत" धरला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे; फुल विम्यात मात्र तो धरला जातो, असे नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षी काही रुपये वाचवले, किंवा नुसते विसरले, तर मुलाच्या मित्राच्या जिवाची भरपाई मुलाच्या वडिलांवर येऊ शकते. दोन्ही कुटुंबे बहुधा एकाच तालुक्यातली असतात, आणि मग कोर्टातला दावा गावातल्या पंगतीपर्यंत येतो.

पाच वर्षे पूर्ण झाली की थर्ड पार्टीही संपते. २०२२ मध्ये ठरवून दिलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम ७१४ रुपये आणि १००० सीसीपर्यंतच्या कारचा २०९४ रुपये आहे, कर वेगळा. विमा नसताना पहिल्यांदा सापडल्यास कलम १९६ प्रमाणे २ हजार आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मुदत संपल्याची आठवण यावी तर पॉलिसीवर मोबाईल क्रमांक एजंटाचा असतो, कारण अर्ज त्यानेच भरलेला असतो. तेवढा क्रमांक बदलून घरचा टाकावा, आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची तारीख दिसते का ते एकदा पाहावे. न दिसल्यास कागद खरा आहे की नाही याची चौकशी करावी. कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवली तर पोलिसांना ती मान्य असतात, मूळ आरसी मुलाजवळ देण्याची गरज नाही.

मृत माणसाच्या नावावर चालू असलेल्या गाड्या हा तर आमच्या भागातला वेगळाच प्रकार आहे. आजोबा जाऊन तीन पावसाळे झाले तरी गाडी त्यांच्याच नावावर, विमाही त्यांच्याच नावाने नूतन होतो, आणि नातू ती यवतमाळच्या रस्त्यांवर फिरवतो. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि पॉलिसी मृत्यूनंतर फार तर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच टिकते. त्याचप्रमाणे बॉण्ड पेपरवर लिहून घेतलेली, दोन-तीन हात फिरलेली जुनी कार मुलीला नागपूरला देण्याआधी आरसीवरचे नाव बदलून घ्यावे. जो विकून मोकळा झाला असे समजतो, त्यानेही हे वाचावे: आरसीवर ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

पुण्यात गाडी असल्याचे कंपनीला कळले तर प्रीमियम वाढेल, म्हणून पत्ता लपवणारे पालकही भेटतात. त्यांची भीती अनाठायी आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमसाठी पुणे-मुंबईसह आठ मोठी शहरे एका विभागात आणि बाकीचा देश दुसऱ्या विभागात असला, तरी विभाग ठरतो तो गाडीची नोंदणी कोणत्या आरटीओत आहे त्यावरून. यवतमाळच्या एमएच-२९ क्रमांकाची गाडी पुण्यात उभी राहिली म्हणून ती पुण्याची होत नाही. राज्याबाहेर मात्र गोष्ट निराळी. चंद्रपूर-गडचिरोलीची मुले हैदराबादला आणि गोंदियाची रायपूरला शिकायला जातात. तिथे गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर कायद्याप्रमाणे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि राज्य बदलले तरी तोच क्रमांक चालणाऱ्या बीएच मालिकेची सोय विद्यार्थ्यांना नाही.

खोलीभाडे निघावे म्हणून संध्याकाळी जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या किंवा ॲपवरून प्रवासी नेणाऱ्या मुलांविषयी मला आदरच आहे. पण खाजगी वाहनाच्या पॉलिसीतून भाड्याने किंवा मोबदल्यासाठी होणारा वापर आणि मालाची ने-आण स्पष्टपणे वगळलेली असते. ज्या कंपनीसाठी काम करतो तिने अपघाताचे कोणते संरक्षण दिले आहे, ते मुलाने लेखी मागून घ्यावे आणि घरी पाठवावे.

आता मागण्यांविषयी. विमा नियामक प्राधिकरणाने मालक-चालकाच्या १५ लाखांच्या संरक्षणात मालकाऐवजी कुटुंबातील एका लायसन्सधारक व्यक्तीचे नाव लिहिण्याची मुभा द्यावी. गाडी एकाची आणि चालवणारा दुसरा, हा ग्रामीण कुटुंबातला अपवाद नसून रीतच आहे, आणि प्रीमियम तर आजही तेच कुटुंब भरते. तोवर निदान अर्जातच मराठीत दोन प्रश्न छापावेत: मालकाजवळ लायसन्स आहे काय, आणि हे वाहन नेहमी कोण चालवणार आहे? पहिल्याचे उत्तर "नाही" असेल तर त्या भागाचा प्रीमियम घेऊ नये, आणि आजवर असा घेतलेला प्रीमियम मागितल्यास परत करावा. असे परत मागण्यासाठी प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगही आहेच.

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयांना आणि शहरातल्या वसतिगृहांनाही एक विनंती आहे. पार्किंगचे स्टिकर देताना आरसीची झेरॉक्स घेतली जातेच. त्याच वेळी लायसन्सचा प्रकार, विमा संपण्याची तारीख आणि मालकाचे नाव विचारावे आणि नाव विद्यार्थ्याचे नसेल तर पालकांना एक छापील सूचना पाठवावी. आरटीओची शिबिरे तालुक्याच्या गावी होतात, पण त्यांच्या तारखा शिबिराच्या सकाळी बस स्टँडवर कळतात. लायसन्ससाठी येणाऱ्यांबरोबर बापाची गाडी मुलाच्या नावावर करण्याचे अर्जही त्या शिबिरात घेतले गेले, तर वणी-उमरखेडच्या माणसाला त्यासाठी यवतमाळची वारी करावी लागणार नाही. आपल्या दैनिकाने जिल्ह्याच्या पानावर या शिबिरांचे महिन्याचे वेळापत्रक आधीच छापण्याची व्यवस्था केली, तर या भागातले पालक आपले आभारी राहतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ